गिलक्याचा वेल

"आत्याबाई, जरा खाली सरका. डोकं दिसून राह्यलं."

दीपमाला लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत बोलत होती. पडद्यावर ती स्वतः होती, इस्त्रीच्या निळ्या कुर्त्यातली. मागे खिडकीचा वरचा अर्धा भाग होता, आणि खालच्या कडेला उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या केसांचा एक झुपका उगवला होता. तो झुपका तिच्या सासूचा, गिरिजाबाईंचा. त्यांची खाट त्या खिडकीखालीच होती आणि त्या उशीला टेकून मोठ्या हौसेनं सुनेची शाळा बघायला बसल्या होत्या.

गिरिजाबाईंनी उशी बाजूला केली आणि अंग खाली घसरवलं. "आता?"

"अजून थोडं."

"आता गं?"

"आता बराबर. असंच पडून राहा. पंचवीस मिनिटं."

"राहते की. मला कुठं बाजाराला जायचंय."

तेवढ्यात पडद्यावर पुण्याची अर्पिता उगवली. वय आठ, दोन वेण्या, समोरचा एक दात पडलेला. दीपमालाचा आवाज एकदम बदलला. तो गोड झाला, थोडा उंच झाला. "हॅलो अर्पिता! हाऊ आर यू टुडे?" चौकटीच्या खाली गिरिजाबाई छताच्या पत्र्याकडे बघत ओठ घट्ट मिटून हसल्या. एक अक्षर कळलं नाही, पण आपल्या घरात, आपल्या खाटेपासून दोन हातांवर, आपली सून पुण्याच्या पोरीला इंग्रजी शिकवते आहे, एवढं कळायला अक्षर लागत नव्हतं.

जानेवारीतली ती पहिली दुपार. दीपमालाला ती पुढे फार दिवस छळणार होती.

तसं पाहिलं तर या क्लासला सुरुवात झाली ती गिरिजाबाईंच्या पडण्यानं. दीपमाला इंग्रजी घेऊन बीए झालेली, वर बीएड. नवीन जालन्यातल्या एका इंग्लिश स्कूलमध्ये सहा वर्षं दुसरीला शिकवायची. मागच्या पावसाळ्यात गिरिजाबाई अंगणात पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, सळई बसली, पण एकटीनं उठून चालणं गेलं ते गेलंच. मुलगा धम्मपाल एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमध्ये, बारा तासांची पाळी. म्हातारीला संडासला कोण नेणार? सुनेनं शाळा सोडली. रडली नाही, बोलली नाही. फक्त शाळेचं ओळखपत्र कितीतरी दिवस पर्समध्येच ठेवलं. घरात लेकरूबाळ नव्हतं. त्यावरून गिरिजाबाईंनी तिला कधी एका शब्दानं टोचलं नव्हतं आणि म्हणून दीपमालानंही त्यांचं सगळं मन लावून केलं. हे सांगून ठेवलेलं बरं. पुढची गोष्ट ऐकून कुणी तिला वाईट सून म्हणेल.

मग एका मैत्रिणीनं त्या कंपनीचं नाव सांगितलं. घरी बसून, मोबाईल नाहीतर लॅपटॉपवर, लहान मुलांना इंग्रजी बोलायला शिकवायचं. धम्मपालनं मिलमधल्या एका साहेबाचा जुना लॅपटॉप आणला. दोन परीक्षा झाल्या, एक मुलाखत झाली आणि दीपमाला पुन्हा मॅडम झाली. गल्लीसुद्धा तिला मॅडम म्हणू लागली. शेजारची दैवशाला कोथिंबीर मागायला आली तरी आधी दारातून विचारायची, "मॅडम, क्लास चालू हाय का?"

कंपनीचे नियम मात्र कडक. मागे माणूस दिसता कामा नये, खाट दिसता कामा नये, वाळत घातलेले कपडे दिसता कामा नयेत आणि आवाज तर मुळीच नको. प्रत्येक क्लासनंतर पालक तारे देत. तारे घसरले की क्लास कमी, तक्रार आली की ताकीद आणि दोन ताकिदी झाल्या की खातं बंद. घर दोन खोल्यांचं. पुढची खोली गल्लीवर उघडायची, तिथं टेम्पो आणि मोटारसायकलींचा कल्ला. शांत अशी एक मागची खोली, आणि ती गिरिजाबाईंची. म्हणून मग हे डोकं खाली सरकवणं आलं.

दुपारी तीन ते सात. पंचवीस मिनिटांचा एक क्लास, मधे पाच मिनिटं. संडास पुढच्या अंगणात, तीन पायऱ्या उतरून. वॉकर धरून, खांद्याचा आधार देऊन गिरिजाबाईंना नेऊन आणायला पाव तास लागायचा. पाच मिनिटांत ते बसत नव्हतं. सुरुवातीचे दिवस कसेबसे निभले.

फेब्रुवारीत एके दिवशी नव्या मुलाचा पहिलाच क्लास होता. असल्या क्लासला आईबाप शेजारी बसून बघतात. पटलं तर पैसे भरतात. मूल गुणी होतं, चित्रातल्या प्राण्यांची नावं घडाघडा सांगत होतं. आणि खालून आवाज आला.

"दीपमाला."

दीपमालानं हसू तसंच ठेवलं.

"दीपमाला, जल्दी ये गं. न्हाई धरवत."

पडद्यावरच्या बाईनं भुवया उंचावल्या. सगळं ठीक आहे ना, असं इंग्रजीतून विचारलं. दीपमाला म्हणाली, "येस येस, एव्हरीथिंग इज फाइन," आणि हत्तीचं चित्र पुढे केलं. तिसरी हाक आली, ती हाक नव्हती, नुसता हुंदक्यासारखा आवाज होता. त्यानंतर काहीच आलं नाही. हत्ती झाला, जिराफ झाला, झेब्रा झाला.

क्लास संपल्यावर ती वळली तेव्हा गिरिजाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. लुगडं, गोधडी, सतरंजी, सगळं भिजलं होतं.

"म्या हाक मारायला नको व्हती," त्या भिंतीलाच म्हणाल्या.

दीपमालानं पाणी तापवलं, अंग पुसलं, लुगडं बदललं. चादर ओढून काढताना मोबाईल वाजला. कंपनीची ताकीद आली होती. पहिली. आणखी एक, की संपलं. ती वाचून तिचे हात थांबले, आणि मग चादर काढता काढताच ती म्हणाली,

"आत्याबाई, दुपारचं पाणी जरा कमी पीत जा न. काय बिघडतंय?"

रागानं नाही म्हणाली. भाजीत मीठ जरा कमी घाला म्हणावं, तशी म्हणाली. आणि रात्रीच्या भाकरी थापेपर्यंत ती ते विसरूनही गेली.

जेवताना धम्मपालनं विचारलं, "माय, आज लई गप्प हायेस?"

गिरिजाबाईंनी भाकरीचा तुकडा दुधात कालवला. "जुनं आठवून राह्यलं. पिंपळगावला कापूस वेचाया जायचो आम्ही. वीस वीस बाया. वावरात आडोसा कुठला? बांधावर मुकादम उभा. उठून गेलं की म्हणायचा, आली का कामचोर. मंग आम्ही काय करायचो, पहाटी घोटभर च्या, आन् पाणी एकदम दिस बुडल्यावर. दिवसभर लागतच न्हाई मंग. सवय व्हती शरीराला."

"मंग तू माणूस व्हतीस का उंट?" धम्मपाल हसला.

"उंटच की रे." त्याही हसल्या. दीपमालाही हसली. तिघंही हसले त्या रात्री, आणि ते हसू दीपमालाला नंतर कधी स्वतःला माफ करू देणार नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी गिरिजाबाईंनी मुलाकडे गिलक्याचं बी मागितलं. घराच्या मागे, खिडकी आणि शेजारच्या भिंतीमधे हातभर रुंदीची बोळ होती. तिथं कुणी जात नसे. "खिडकीखाली दोन बिया टोच," त्या म्हणाल्या. "वर चढला तर पोरायला हिरवं दिसंल. नुसते गज काय बघायचे." धम्मपालनं सुट्टीच्या दिवशी बोळीत आडवं शिरून बिया टोचल्या.

आणि वेल आला. कसा आला विचारू नका. मार्च संपता संपता गजांना विळखे घातले, एप्रिलमध्ये खिडकीचा वरचा भाग भरला आणि पिवळी फुलं लागली. जालन्यात नळ आठ-दहा दिवसांनी येतो, लोक भांडी घासलेलं पाणी पुन्हा वापरतात, समोरच्यांची तगर केव्हाच करपली होती. मोरीचं पाणी तिकडं झिरपत असणार, असं दीपमालानं मनाशी धरलं. पलीकडं जाऊन बघायला तिला सवड नव्हती.

दिवस चांगले आले होते. गिरिजाबाई आता हाक मारत नव्हत्या. अडीचला त्यांना नेऊन आणलं की थेट सातनंतर. दीपमाला तीनला तांब्या भरून खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर, त्यांच्या हाताशी ठेवायची. संध्याकाळी तो रिकामा असायचा. ती दैवशालाला म्हणाली सुद्धा, "आमच्या आत्याबाईंची तब्येत सुधारली बघ. पहिल्यासारखं घडीघडी उठावं लागत न्हाई."

"पुण्याई हाय तुमची, मॅडम."

एकदा दोन क्लासच्या मधे ती चहा ठेवायला पुढे गेली आणि लगेच परतली, तर गिरिजाबाईंचा हात गजांपाशी होता.

"काय करून राह्यल्या?"

"फूल बघत व्हते. आज पाच लागलेत."

अर्पिताला ती फुलं फार आवडायची. ती रोज मोजायची, इंग्रजीतून. तिच्या आईनं पाच तारे देऊन लिहिलं, टीचर छान, आणि टीचरची खिडकी तर फारच छान. कंपनीनं दीपमालाला महिन्याची उत्तम शिक्षिका ठरवलं. प्रमाणपत्र आलं, त्यावर तिचा फोटो होता. निळा कुर्ता आणि मागे हिरव्या पानांत पिवळी फुलं. तिनं ते मोबाईलवर गिरिजाबाईंना दाखवलं. त्यांनी मोबाईल डोळ्यांपाशी नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"माझं डोकं तर न्हाई न आलं?"

"न्हाई आत्याबाई."

"मंग झ्याक हाय." ओठ फुटलेले होते, हसताना त्यांना दुखलं असावं.

ते फुटलेले ओठ दीपमालानं पाहिले होते. लुगडं धुताना पिवळाजर्द डाग आणि उग्र वासही कळला होता. उन्हाळा लागला, एवढाच अर्थ तिनं काढला. पत्र्याखाली अंग भाजत होतं, कुणाला लागणार नाही? तिनं ओठांना तूप लावलं. धने-जिरे भिजवून ते पाणी तांब्यात भरून ठेवलं. संध्याकाळी तोही तांब्या रिकामा होता. तिला बरं वाटलं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एका सोमवारी आठही क्लास झाले. शेवटचा अर्पिताचा. तिनं त्या दिवशी नऊ फुलं मोजली. "बाय बाय टीचर!" लॅपटॉप मिटून दीपमाला वळली.

"झालं आत्याबाई. चला, उठा."

गिरिजाबाईंचे डोळे अर्धे उघडे होते. अंग तापलेल्या तव्यासारखं. हलवलं तेव्हा त्या पुटपुटल्या, "उठले न्हाई मुकादम... एकबी डाव उठले न्हाई..."

दवाखान्यात डॉक्टरांनी हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"पाणी पीत होत्या का या?"

"पीत होत्या डॉक्टर," दीपमाला म्हणाली. "रोज तांब्या भरून ठेवत होते मी. रोज रिकामा व्हायचा."

"अंगात पाणी नाही यांच्या. लघवीत जंतू झालेत, किडनीवर गेलंय." डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. ती खोटं बोलत नव्हती, तेही त्यांना दिसलं असावं. "वय झालं की होतं असं," ते म्हणाले आणि सलाईन लावायला सांगितलं.

दोन दिवस थेंब थेंब पाणी त्यांच्या शिरेतून आत जात राहिलं. धम्मपाल उशाशी बसून होता. तिसऱ्या दिवशी पहाटे गिरिजाबाई गेल्या.

पाचव्या दिवशी जलदान विधी ठेवला. अंगणात कापडी मांडव घातला होता. कुंभार पिंपळगावहून भावकी आली होती. गिरिजाबाईंबरोबर कापूस वेचलेल्या दोन म्हाताऱ्या दैवशालाच्या खांद्याला धरून पायऱ्या चढल्या आणि "मोठी काटक व्हती बाई" म्हणून डोळे पुसत बसल्या. बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली गिरिजाबाईंचा फोटो. फोटो जुना, आधार कार्डासाठी काढलेला. त्यांचं डोकं चौकटीच्या बरोबर मधोमध होतं. मागच्या खोलीतली खाट कुणी हलवली नव्हती. आईच्या वस्तूंना धम्मपालनं हातच लावू दिला नव्हता.

वंदना झाली, पंचशील झालं. परातीत वाटी ठेवली. बौद्धाचार्यांनी गाथा सुरू केल्या तशी धम्मपालनं तांब्यातून पाण्याची धार धरली, आणि रीतीप्रमाणे दीपमालानं त्याच्या हाताला हात लावला. गेलेल्या माणसाच्या नावानं द्यायचं ते पाणी. वाटी भरली, काठावरून वाहू लागली, परातीत साचलं. दीपमालाच्या डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. आठ दिवस ते असंच अडलं होतं.

"हे पाणी एखाद्या झाडाच्या बुडाशी घाला," बौद्धाचार्य म्हणाले.

अंगणात झाड कुठलं? पिंपळगावची एक म्हातारी म्हणाली, "मागं वेल हाय न गिरिजाचा? मला फोनवर सांगत व्हती. त्याच्याच बुडात घाल, पोरी."

दीपमाला परात घेऊन घराला वळसा घालून बोळीत शिरली. आडवं होऊनच शिरावं लागत होतं. इतक्या दिवसांत ती इकडं पहिल्यांदाच येत होती.

वेल वाळला होता. आठ दिवसांत पानांचा पापड झाला होता. फुलं काळी पडून गजांना चिकटली होती. तिला नवल वाटलं. भर उन्हाळ्यात तीन महिने टवटवीत राहिलेला वेल, मोरी तर रोज चालू आहे, आणि आठच दिवसांत? तिनं खाली पाहिलं. मोरीचा पाइप पार दुसऱ्या टोकाला होता. तिथून इकडं येणारा ओघळ नव्हता, ओल नव्हती.

ओघळ होता तो भिंतीवर. खिडकीच्या गजांपासून खाली सरळ उतरलेला, कडांना वाळलेलं शेवाळ. आणि तो जिथं जमिनीला टेकत होता तिथं, वेलाच्या बुडाशी, वाटीएवढा गोल खळगा पडला होता. रोज एकाच उंचीवरून, एकाच जागी धार पडली म्हणजे पडतो तसा. जन्मभर पाण्यासाठी वणवण केलेली बाई पाणी नुसतं फेकणार नव्हती. तिनं त्यासाठी आधी बी मागून घेतलं होतं.

दुपारचं पाणी जरा कमी पीत जा न. काय बिघडतंय?

आपलाच आवाज दीपमालाला जसाच्या तसा ऐकू आला. परात पोटाशी धरून ती भिंतीला टेकली. आपण मारलं, असं तिच्या मनात स्पष्ट, एकेक अक्षर सुटं असं उमटलं. हाक मारणाऱ्या माणसाला आपण हाक मारणं सोडायला लावलं.

"दीपमाला," अंगणातून धम्मपालनं विचारलं, "घातलं का पाणी?"

"घालते."

तिनं वाकून परात खळग्यात रिती केली. पाणी क्षणभर तिथं उभं राहिलं, आभाळ दिसण्यापुरतं, आणि मग जमिनीनं ते पिऊन टाकलं.

ती उठली तेव्हा तिचा चेहरा खिडकीच्या रेषेत आला. आत मिटलेला लॅपटॉप होता, रिकामी खाट होती. आणि कट्ट्यावर तांब्या होता. त्या सोमवारी तीन वाजता तिनंच भरून ठेवलेला. तो तेवढा एकच रिकामा झाला नव्हता. ओतण्याचंही बळ तेव्हा उरलं नसावं.

तिनं गजांतून हात आत घातला आणि तांब्या उचलून बाहेर ओढला. तो गजांना अडला. त्याचं पोट रुंद, गजांमधली फट अरुंद. तो बाहेर येणारा नव्हताच. तिरका केला तर तेवढं तोंड बाहेर येत होतं. तिनं तो तिरका केला.

धार बरोबर खळग्यात पडली.